जेल पॉलिशचा दिवा: हात झाका, वेळ कापू नका

"मॅडम, हा यूव्ही नाही, एलईडी आहे. काही होत नाही." पार्लरमध्ये जेल पॉलिश घट्ट करणाऱ्या दिव्याबद्दल शंका काढली की हे उत्तर हमखास मिळतं. त्यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं अर्धवट. एलईडी हे प्रकाश ज्यातून निघतो त्या वस्तूचं नाव, यूव्ही म्हणजे अतिनील हे त्या प्रकाशाचं. जुन्या दिव्यांत छोट्या सीएफएलसारख्या नळ्या असायच्या, नव्यांत एलईडीचे मणी असतात. अतिनील किंवा त्याला अगदी खेटून असलेला जांभळा प्रकाश दोन्हींतून निघतो, कारण तो निघाला नाही तर जेल घट्टच होणार नाही.

मुद्दाम 'वाळणार नाही' म्हटलं नाही. साधं नेलपेंट वाळतं: त्यातलं द्रावक उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेलमध्ये उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. त्यात ॲक्रिलेट आणि मिथॅक्रिलेट जातीचे सुटे रेणू असतात आणि सोबत थोडासा फोटोइनिशिएटर. किरण पडले की हा फोटोइनिशिएटर तुटतो, त्याचे तुकडे शेजारच्या रेणूंना जाऊन भिडतात आणि बघता बघता सुट्या रेणूंच्या एकमेकींत गुंतलेल्या लांब साखळ्या तयार होतात. पातळ जेलचं प्लास्टिक होतं. नेल आर्टिस्ट याला 'क्युअर होणं' म्हणतात, आपणही तोच शब्द ठेवू. वरून कडक लागणारं जेल आतपर्यंत क्युअर झालंय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. पुढची निम्मी भानगड या एका गोष्टीतून निघते.

प्रकाशाची जात त्याच्या तरंगलांबीवरून ओळखतात, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. नळ्यांच्या दिव्याचा जोर ३६५ ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास असतो. एलईडीचे मणी ३९५ किंवा ४०५चे. हल्ली ऑनलाइन आणि पार्लरमध्ये सर्रास दिसणारे दिवे दुहेरी असतात, म्हणजे ३६५ आणि ४०५ असे दोन्ही मणी आलटून पालटून बसवलेले. अतिनीलातला लांब लहरींचा पट्टा म्हणजे यूव्हीए, तो ३१५ ते ४०० नॅनोमीटरपर्यंत धरतात. काटेकोर पाहिलं तर ४०५चा मणी दृश्य जांभळ्यात मोडतो, पण मण्याचा प्रकाश एका रेघेवर नसतो, तो दोन्हीकडे दहाएक नॅनोमीटर पसरतो. त्याहून आखूड लहरींचा, त्वचेला जाळणारा यूव्हीबी या दिव्यांत जवळपास नसतो.

आता वॅट. खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा हा, आणि सगळ्यांत कमी कामाचाही हाच. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. त्वचेवर किती पडतं ते मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि ते मणी किती, कुठे बसवलेत, हात त्यांच्यापासून किती खाली आहे यावर ठरतं. शिवाय छापलेले वॅट खरे असतील याचीही खात्री नाही. अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटला २४ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर लिहिलं असेल तर गुणाकार ४८. त्याहून जास्त वीज दिव्याला मिळूच शकत नाही. यूएसबीच्या वायरवर चालणारा माउसएवढा दिवा ५ व्होल्ट आणि १ ॲम्पिअरवर ५ वॅटचाच असतो, खोक्यावर ५४ छापलेलं असो की १०८.

प्रत्यक्ष दिव्यांत किती फरक असतो? २०१४ साली 'जामा डर्मेटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १६ सलूनमधल्या १७ दिव्यांची मोजणी आली. सगळ्यांत मंद दिव्याखाली यूव्हीए ०.६ मिलिवॅट होता, सगळ्यांत प्रखर दिव्याखाली १५.७. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांत सव्वीसपट फरक. संशोधकांनी डीएनएला इजा होण्याची पातळी दर चौरस सेंटिमीटरला ६० ज्यूल धरली आणि तिथपर्यंत पोचायला दिव्यागणिक ८ ते २०८ बैठका लागतील असं काढलं.

हाच हिशेब घरी करून बघता येतो. १० मिलिवॅटचा दिवा धरा आणि एका हाताला सगळे थर मिळून ८ मिनिटं, म्हणजे ४८० सेकंद. गुणाकार ४,८०० मिलिज्यूल, म्हणजे ४.८ ज्यूल. निरभ्र आकाशातल्या भर दुपारच्या उन्हात यूव्हीए साधारण ५-६ मिलिवॅट असतो. म्हणजे फक्त यूव्हीएचं बोलायचं तर त्या आठ मिनिटांत हाताला टळटळीत दुपारच्या पंधरा मिनिटांइतका वाटा मिळाला. दर तीन आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला सतरा वेळा, वर्षाचे चारएक तास. उघड्या हातांनी रोज अर्धा तास सकाळ-संध्याकाळच्या उन्हात स्कूटर चालवणारी बाई तेवढा यूव्हीए ढोबळमानाने पंधरा-वीस दिवसांत घेते. दिव्याला घाबरून पार्लर सोडायचं आणि हाताला काही न लावता भर उन्हात गाडी चालवायची, यात शहाणपण नाही.

तरी ऊन आणि दिवा यांत एक फरक उरतो. उन्हात यूव्हीबी असतो आणि त्याने त्वचा लाल होते, चुरचुरते, माणूस सावलीत जातो. त्वचा लाल करण्याच्या कामात ३६५ नॅनोमीटरचा किरण यूव्हीबीतल्या २९८च्या किरणापेक्षा हजारपटींहून दुबळा असतो. त्यामुळे दिव्याखाली हात कितीही वेळ ठेवला तरी त्वचा सहसा काही बोलत नाही. यूव्हीए खालच्या थरापर्यंत, डर्मिसपर्यंत उतरतो. तिथे तो ऑक्सिजनचे उतावीळ रेणू तयार करतो, ते डीएनएला खरवडतात आणि कोलॅजन तोडणारे एन्झाइम जागे करतात. सुरकुत्या आणि डाग पडतात त्याची एक मुख्य वाट हीच.

नखाखालच्या गादीची काळजी मात्र फार नको. मृतदेहांच्या नखांवर केलेल्या मोजणीत नखातून यूव्हीबी आरपार गेलाच नाही आणि यूव्हीए गेला तो एक-दोन टक्के. उघडी पडते ती बोटांची आणि हाताच्या पाठीची त्वचा.

जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने मोठी खळबळ उडवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या मारिया झिवागुई आणि लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाने उंदराच्या आणि माणसाच्या पेशी काचेच्या ताटल्यांत घेऊन नखांच्या दिव्याखाली ठेवल्या. २० मिनिटांच्या एका बैठकीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, अशा लागोपाठ तीन बैठका झाल्यावर ६५ ते ७० टक्के. वाचलेल्या पेशींच्या डीएनएत बदल सापडले, आणि त्या बदलांची ठेवण ऑक्सिडेशनच्या इजेशी जुळणारी होती.

बातम्यांतून हे 'जेल मॅनिक्युअरने कॅन्सर' असं पोचलं. अभ्यासाचं म्हणणं तसं नव्हतं. ताटलीतली पेशी उघडी असते. आपल्या हातावरच्या जिवंत पेशींवर मृत पेशींचा राठ थर असतो, रंगद्रव्य असतं, खराब पेशी वेचून काढणारी प्रतिकारशक्ती असते. शिवाय सलग २० मिनिटं हात दिव्यात कोणी ठेवत नाही, तीस सेकंद, साठ सेकंद असे तुकडे असतात. पण त्याच अभ्यासाने एक पळवाट बंद केली. 'हा यूव्हीए, हा डीएनएला हात लावत नाही' असं यापुढे कोणाला म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ सालीच अतिनील किरणांना, त्यात यूव्हीएही आला, माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

माणसांमधला पुरावा तुटपुंजा आहे. २००९ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून दोन मध्यमवयीन बायकांच्या हाताच्या पाठीवरच्या स्क्वेमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची नोंद झाली, दोघी नखांचे दिवे वापरणाऱ्या. टेक्साससारख्या उन्हाच्या प्रदेशात, गोऱ्या कातडीत, दोन रुग्णांवरून दिव्याला दोषी ठरवता येत नाही. २०१२ साली ब्रिटिश संशोधक ब्रायन डिफी यांनी गणित मांडलं की हजारोंच्या, लाखोंच्या संख्येने बायका नियमित दिवा वापरतील तेव्हा त्यांतल्या एकीला केवळ त्यामुळे हा कर्करोग होईल. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने तुलना काढली: त्वचारोगांवर देतात त्या यूव्हीबी उपचाराच्या एका फेरीइतका धोका होण्यासाठी दर आठवड्याला दिवा वापरला तरी अडीचशेहून जास्त वर्षं लागतील. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सूचनेप्रमाणे वापरल्यास धोका कमी मानतं, आणि एका बैठकीत एका हाताला दहा मिनिटांच्या वर जाऊ नका म्हणतं. त्यांच्या मते ही निश्चिंती निरोगी माणसापुरती आहे. ही अट मथळ्यांमध्ये कधी येत नाही, आणि आपल्याकडे महत्त्वाची तीच आहे. तिच्याकडे येतोच.

भारतीय त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात पुष्कळ कमी. पण त्याच मेलॅनिनमुळे यूव्हीए आणि जांभळा प्रकाश मिळाला की त्वचा काळवंडते, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीत तो रंग महिनोन्‌महिने हटत नाही. वर्षानुवर्षं जेल करणाऱ्या बाईला कर्करोगाच्या आधी दिसेल ते हे: बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला गडद पट्टे. कोणी त्याला 'क्रीम सूट झालं नाही' म्हणतं, कोणी 'उष्णता' म्हणतं.

हे सगळं वाचल्यावर पहिला विचार येतो तो वेळ कमी करण्याचा. साठ सेकंदांच्या जागी तीस, दिवा जरा लांब, हात लवकर बाहेर. इथेच चूक होते. अर्धवट क्युअर झालेल्या जेलमध्ये सुटे मिथॅक्रिलेट रेणू तसेच राहतात, त्वचेत झिरपतात आणि एक दिवस शरीर त्यांच्यावर उलटतं. आधी नखाच्या कडेला खाज, मग बोटांची टोकं तडकणं, पाणी सुटणारे बारीक फोड, नख गादीपासून सुटणं. पुरळ पापण्यांवर आणि मानेवरही उठतं, कारण दिवसभर बोटं तिथे लागत असतात. त्यामुळे कित्येकींना पापणीच्या ॲलर्जीचं मूळ नखात आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही, काजळ बदलत बसतात.

ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्माची. ती नुसती नेलपॉलिशपुरती राहत नाही. दातांच्या सिमेंट-फिलिंगमध्ये, गुडघा बदलताना वापरतात त्या हाडांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहाच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीत याच कुळातले रेणू असतात. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के लोकांना एखाद्या तरी मिथॅक्रिलेटची ॲलर्जी निघाली होती. ते त्वचारोगाच्या दवाखान्यात आलेले लोक होते, सगळी जनता नव्हे, तरी आकडा लहान नाही. घरी बसून वापरण्याच्या स्वस्त किटमुळे हे वाढतंय, आणि त्याला दोन कारणं: जेल कातडीवर सांडतं, आणि किटमधल्या दिव्याचा मेळ जेलच्या फोटोइनिशिएटरशी बसत नाही. एका कंपनीचं जेल आणि दुसरीचाच दिवा, यात सेकंदांची सूचना कुचकामी होते. बाटलीवर ३६५ मागितलंय आणि दिवा निव्वळ ४०५चा, तर दोन मिनिटं ठेवूनही खालचा थर ओलाच राहील.

म्हणून नवी बाटली किंवा नवा दिवा आणल्यावर आधी प्लॅस्टिकच्या खोट्या नखावर बघून घ्या. त्यावर जेलचा नेहमीइतका थर लावा, सांगितलेली सेकंदं ठेवा, वरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि थर कडेपासून उचकटून उलटा करा. खालची बाजू ओली किंवा चिकट असेल, सुरकुतत असेल, तर हा दिवा या जेलला पुरत नाही. वरचा चिकटपणा मात्र बिघाड नव्हे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे अगदी वरचा पापुद्रा जुळायचा राहून जातो, म्हणूनच तो पुसायचा असतो, आणि तो कातडीला लागू न देता पुसायचा. ही चाचणी सगळ्यांत गडद रंगावर करा. काळा, गडद निळा आणि दाट पांढरा रंग किरण वरच्या वर अडवतात, तिथे दोन पातळ थर कधीही एका जाड थरापेक्षा बरे.

अंगठा हा कायमचा बळी. हात आत सरकवला की चार बोटं सपाट राहतात आणि अंगठा कुशीवर वळतो, वरून येणारा प्रकाश त्याच्या नखावर तिरपा पडतो. जेल सुटायला सुरुवात अंगठ्यापासून होते ती याच कारणाने. चार बोटं आधी, मग दोन्ही अंगठे एकत्र, नखं वर करून. नळ्यांचा जुना दिवा असेल तर नळ्यांचं वय लक्षात ठेवा: नळी पेटते, जांभळी दिसते, पण सहाएक महिन्यांच्या नेहमीच्या वापरानंतर तिचा जोर उतरतो. जेल ओलं राहायला लागलं की पार्लरवाले वेळ वाढवतात, नळी बदलत नाहीत.

कातडीवर सांडलेलं जेल दिव्यात जाण्याआधी पुसा. लाकडी काडीच्या टोकाला अल्कोहोलचा कापूस गुंडाळून नखाच्या कडेने एकदा फिरवलं की काम होतं. नेल आर्टिस्टनी लॅटेक्सचे हातमोजे यासाठी वापरू नयेत, मिथॅक्रिलेट त्यातून मिनिटांत पार होतो. नायट्राइलचे बरे, तेही दर अर्ध्या तासाने बदलत. बाटलीवर हल्ली 'टीपीओ-फ्री' लिहिलेलं दिसतं. टीपीओ हा एक फोटोइनिशिएटर. प्रजननक्षमतेवरच्या परिणामाच्या संशयावरून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली. पण लेबल बदललं तरी अर्धवट क्युअरची गोष्ट जिथल्या तिथेच.

मग करायचं काय? प्रकाश पुरेपूर द्यायचा, पण नखालाच. हाताची बाकी त्वचा झाकायची. त्याला लागतात ते बोटांची टोकं कापलेले हातमोजे, यूपीएफ ५० लिहिलेले असतील तर उत्तम. यूपीएफ ५० म्हणजे कापडातून जास्तीत जास्त दोन टक्के किरण जातात. नसतील तर घरातल्या कापडाची परीक्षा सोपी: हातात घालून, ताणलेल्या अवस्थेत, ट्यूबलाइटसमोर धरा. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले तर किरणही येणार. पुण्यात गाडीवर घालतात ते लांब, फिक्या रंगाचे पातळ होजिअरीचे हातमोजे या परीक्षेत बहुतेक नापास होतात, ताणले की आणखीच. घट्ट विणीचं काळं कापड घ्या. टोक कापताना शेवटच्या पेरावर कापू नका, नखाच्या मुळापासून चारेक मिलिमीटर मागे कापा. नखापाठची नेमकी तीच पट्टी लोक उघडी सोडतात. कापलेली कड दुमडून शिवली नाही तर दोऱ्याचे तंतू ओल्या जेलला चिकटतात आणि नेल आर्टिस्टचा जीव जातो.

सनस्क्रीन हा दुसरा पर्याय, अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ तोही सुचवतात. पण एसपीएफचा आकडा यूव्हीबीवर मोजलेला असतो, इथे यूव्हीबी नाहीच. बघायचं ते यूव्हीएसाठी छापतात त्या 'पीए'पुढच्या अधिकच्या चिन्हांकडे, चार असतील तर चार. तरीही पूर्ण भरवसा ठेवू नका: अव्होबेन्झोनसारख्या घटकाचा जोर ३६० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि ३८०च्या पुढे तो ढासळतो. म्हणजे ३६५च्या मण्यांना तो अडवेल, ३९५-४०५च्यांना जवळपास मोकळं सोडेल. लोह ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन तिथे थोडं बरं काम करतं. लावायचंच असेल तर वीस मिनिटं आधी लावा आणि मग प्रत्येक नख अल्कोहोलने पुसून घ्या, कारण नखावर तेलाचा लवलेश राहिला तर जेल तीन दिवसांत सुटेल आणि दोष बेस कोटला जाईल.

आता ती निरोगी माणसाची अट. काही औषधं त्वचेला यूव्हीएसाठी तापवून ठेवतात. मुरुमांसाठी आणि इतर कित्येक कारणांनी देतात ती डॉक्सिसायक्लिन त्यांतली पहिली. पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) टाळायला डॉक्टर हीच गोळी देतात. डॉक्सिसायक्लिन चालू असताना अतिनील किरण मिळाले तर नख गादीपासून दुखत-ठणकत सुटू शकतं. शेवटच्या गोळीनंतर पाच-सहा दिवस जाऊ द्या. रक्तदाबाच्या मिश्र गोळ्यांत असणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल, सांधेदुखीवर चोळतात ते किटोप्रोफेनचं जेल ही त्याच यादीतली नावं. गोळ्यांचं पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात 'याने उन्हाचा त्रास होतो का' एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं. ल्युपस, पोर्फिरिया किंवा उन्हाने पुरळ उठण्याचा विकार असेल तर दिवाच नको. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही तेच पाळावं.

सगळ्यांत धोक्याचं प्रकरण कोडाचं. कोडावर डॉक्टर सोरॅलेन, म्हणजे त्वचेला यूव्हीएसाठी हळवं करणारं औषध देतात आणि मग मोजून यूव्हीए देतात. बाहेरून लावायच्या सोरॅलेनला सुरुवात पाव ज्यूलपासून होते. वर काढलेला दिव्याचा आकडा आठवा, ४.८ ज्यूल. उपचाराच्या पहिल्या मात्रेच्या एकोणीसपट, तीही न मोजता. आयुर्वेदात कोडासाठी वापरतात त्या बावचीच्या बियांत हेच सोरॅलेन असतं, त्यामुळे 'मी औषध घेत नाही, फक्त बावचीचं तेल लावते' म्हणणाऱ्या बाईचा हातही तितकाच पेटू शकतो. फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात, म्हणून दिव्यावर संशय जात नाही. मॅनिक्युअरच्या वाडग्यात लिंबाच्या चकत्या टाकायची पद्धत आहे, तीही जेलच्या दिवशी सोडा. लिंबवर्गीय फळांच्या सालीत सोरॅलेनच्याच कुळातली द्रव्यं असतात आणि ती त्वचेवर राहिली तर यूव्हीएखाली तिथे काळे, जळके ओघळ उमटू शकतात. हात साबणाने धुऊन मगच दिव्यात घाला.

दिव्यात नख अचानक चटकलं तर तो किरणांचा चटका नाही. साखळ्या जुळताना उष्णता बाहेर पडते, थर जाड असेल किंवा खूप घासून नख पातळ झालं असेल तर ती एकदम जाणवते. सहन करत बसू नका. हात बाहेर काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा आत घाला, आणि पुढचा थर पातळ लावा. ९९ सेकंदांचं 'लो हीट' बटण असेल तर तेच वापरा, त्यात दिवा हळूहळू जोर धरतो. मण्यांकडे मात्र बघत बसू नका, आणि लहान मुलींना खेळ म्हणून हा दिवा देऊ नका.

राहिली गोष्ट नखं झाकली जाण्याची. बारा महिने एकामागून एक जेल चढवणाऱ्या बाईला स्वतःचं उघडं नख दिसतच नाही. सावळ्या माणसांत नखावर तपकिरी रेघा पुष्कळदा असतात, सहसा अनेक नखांवर आणि निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेघ आली, तीन मिलिमीटरहून रुंद झाली, कडा अस्पष्ट असल्या किंवा काळेपणा नखाच्या मुळाकडच्या कातडीत उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जायचं. नखाखालचा मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, दुर्मीळ आहे आणि त्याचा या दिव्याशी संबंध सापडलेला नाही, पण आपल्याकडे मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात आणि नखांखालीच निघतो, आणि जेलखाली तो वर्षभर लपू शकतो. म्हणून जुनं जेल ॲसिटोनमध्ये भिजवून, न खरवडता काढलं की नवं लगेच त्याच दुपारी चढवू नका. चार-पाच दिवस नखं तशीच ठेवा आणि खिडकीशी उजेडात दहाही बोटं एकदा निरखून बघा, अंगठ्यापासून.